गोल काचेतली बाई

जनावर एकदा पाहिलं की सोपान ते विसरत नसे. बेल्ह्याच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी विकलेला बैल कुणी शिंगं साळून, रंग लावून पुन्हा दावणीला आणला, तरी सोपान लांबूनच म्हणायचा, "ह्यो आणे गावचा. उजव्या कानामागं भोवरा हाय त्याच्या, जाऊन बघा." लोक जाऊन बघत आणि भोवरा सापडत असे. तसा तो दलाल नव्हे. डिंभ्याला धरणाच्या खालच्या अंगाला, घोड नदीकाठी त्याची शेती. पण सोमवारचं बेल्हे त्याने कधी चुकवलं नाही, आणि टेम्पोतून उतरलेले व्यापारी आधी त्यालाच शोधत.

२००३ सालच्या वैशाखात, भर दुपारी, त्याची बायको बयाबाई मागच्या पडवीत कांदे निवडत बसली होती. तिने बसल्या जागेवरून हाक दिली, "जेवाय या वो!"

"आलो गं बये," गोठ्यातून उत्तर आलं.

पाय धुतल्याचा आवाज झाला. मग सोपान दारात आला आणि चौकटीला हात लावून तिथेच थांबला.

"राम राम," तो म्हणाला.

बयाबाईला हसू आलं. "राम राम. बसा आता."

"बया कुठं गेली वो? आत्ता तर हाक मारली तिनं."

बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला 'अगं' म्हटलं होतं, 'ए' म्हटलं होतं, 'बये' तर दिवसातून पन्नासदा. 'वो' कधीच म्हटलं नव्हतं. तिच्या हातातला कांदा हातातच राहिला.

"चेष्टा करताव व्हय?"

तो अर्धं पाऊल मागे सरला. मग घरभर फिरला, कणगीच्या मागे डोकावला, परसात जाऊन आला. शेवटी भिंतीला टेकून, तिच्यापासून चार हात लांब, पाहुण्यासारखा मांडी घालून बसला. तिने ताट वाढलं. खाली मान घालून तो जेवला, आणि जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीवर नेऊन स्वतः घासलं.

"लई उपकार झालं, बाई," तो म्हणाला. "बया आली की सांगतो तिला."

ताट घासताना त्याची पाठ तिच्याकडे होती. बयाबाई त्या पाठीकडे पाहत राहिली. पाठ त्याचीच होती. पण त्या पाठीने ताट कधी घासलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सोपानला नाकाच्या मागे, घशाच्या वर, कॅन्सर निघाला होता. मानेला गाठ आली, कान बंद झाला, शिंकरलं की रक्त यायचं. पुण्यात पस्तीस वेळा लाईट घ्यावी लागली. गावात सगळे रेडिएशनला लाईटच म्हणायचे. मोठ्या यंत्राखाली निजायचं आणि न दिसणारा उजेड आत जातो, असं. तोंडातली लाळ कायमची आटली, दाढी एका बाजूला उगवेना, पण गाठ विरघळली. डॉक्टर म्हणाले, "सुटलात." पाण्याची बाटली खांद्याला अडकवून सोपान पुन्हा बेल्ह्याला जाऊ लागला, आणि ते दुखणं घरातून गेलं असंच बयाबाईने धरलं होतं.

आता संध्याकाळपर्यंत तो ताळ्यावर येईल म्हणून ती थांबली. दुसऱ्या दिवशी थांबली. आठवडा गेला. बाकी सगळं त्याला बरोबर कळत होतं. गाईंची नावं, पाण्याची पाळी, मंचरला बटाटा कोणत्या गाळ्यावर उतरवायचा, सगळं. नारायणगावला दिलेली त्यांची मुलगी हर्षाली धावत आली, तर तिला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी, तुझी आई न्हाई गं घरात," तो तिला अंगणात नेऊन हळूच म्हणाला. "ही जी आत हाय ती आई न्हाई तुझी. दिसती तशीच. चालती तशीच. कुणी पाठवली, कळंना."

"दादा, असं काय बोलता? आईच हाय ती."

"मानंवर बघ तिच्या. मागं, केसाखाली. तीळ हाय. तुझ्या आईला तीळ न्हवता."

हर्षाली घरात आली. बयाबाई चुलीपाशी होती. पोरगी मागून आली, आईच्या अंबाड्याखाली बोट लावलं.

"हाय का गं?" बयाबाईने विचारलं.

"हाय."

"पयल्यापास्नं हाय?"

"असंल की," हर्षाली म्हणाली. पण तिचं बोट तिथेच होतं, आणि पोरीचं बोट गार पडलंय हे बयाबाईला जाणवलं. आपली मान आपल्याला दिसत नाही. जिने पाहिली असती ती आई मरून गेली होती, आणि नवरा म्हणत होता, नव्हता. त्या दिवसापासून बयाबाई आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहू लागली. कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवून तिने सोपानला पटवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने तो डाग निरखून पाहिला, बैलाचे दात पाहावेत तसा, आणि म्हणाला, "ह्यो मातर बरुबर केलाय त्यांनी."

तो बाहेरच्या ओट्यावर निजू लागला. परक्या बाईबरोबर एका छताखाली कसं निजायचं? ती अंधारातून किंवा भिंतीआडून बोलली की तो 'बये' म्हणून ओ द्यायचा. समोर आली की पुन्हा 'बाई'. गावात कुजबुज सुरू झाली. आणि नवल म्हणजे लोक सोपानकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त पाहू लागले. शेजारची लंकाबाई, जिच्याबरोबर तिने वीस वर्षं नदीवर धुणं धुतलं, ती एक दिवस पिळा हातात धरूनच म्हणाली, "बये, राग मानू नगं. पर ज्या मानसाला बाजारातलं वासरू चुकत न्हाई, त्याला बायकू कशी चुकंल?"

बयाबाईने धुणं गोळा केलं आणि घरी आली.

आषाढात एका सकाळी सोपान आपणहून तिच्याशी बोलायला आला. दाढी केलेली, स्वच्छ टोपी. "बाई, चला," तो म्हणाला, "धरणाचं पाणी बघून येऊ. लई चढलंय म्हणत्यात." तिचा जीव हरखला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिला कुठे चल म्हटलं होतं. धरणाच्या वरच्या अंगाला पाण्यावर पुढे आलेला एक कातळ आहे, तिथपर्यंत दोघं चालत गेली. पाणी मातकट, फुगलेलं, आवाज न करता कातळाला लागलेलं. ती कडेला उभी राहून पाहत होती. तो मागे उभा होता. खालून मासेमारीच्या होडीतून गावातल्या जानकूने हाक दिली, "काय सोपानभाऊ, जोडीनं?" सोपानने होडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चला माघारी." येताना ती त्याच्या मागे दोन पावलं, खुशीत, पदर सावरत आली. रस्ताभर तिला वाटत होतं, आता उतार पडतोय.

उतार पडला नव्हता. आठ दिवसांनी त्याचा डावा हात वळला, तोंड वाकडं झालं आणि तो गोठ्यात झटके देत पडला. मग पुणं, यंत्रातले फोटो. डॉक्टरांनी ते काळे-पांढरे फोटो उजेडाला धरून बयाबाईला आणि तिचा भाऊ चांगदेव याला दाखवले. मेंदूच्या उजव्या बाजूला एक पांढरट डाग, भोवती सूज.

"कॅन्सर उलटला का?" चांगदेवने विचारलं.

"आधी तेच वाटलं होतं. तसं दिसत नाही. लाईटनं कॅन्सर मेला, पण शेजारचा मेंदूही भाजला गेला. त्या वेळी कळत नाही. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं बुजत जातात, आणि मग तो भाग हवेवाचून मरायला लागतो."

बयाबाईने विचारलं, "अन् मला ओळखत न्हाईत ते?"

डॉक्टर फोटो खाली ठेवून म्हणाले, "चेहरा ओळखतात ते. पण आपलं माणूस दिसलं की आत जे हलतं ना, ते हलत नाही. मग मेंदू आपला अर्थ लावतो, की दिसतेय तशी, पण ही ती नव्हे. आवाजाचा रस्ता वेगळा असतो, तो शाबूत असावा." सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. सोपानचं तोंड सुजलं, साखर वाढली, गोळी कमी केली की डोकं पुन्हा दुखायचं. तेव्हा डॉक्टरांनी टाकीचं नाव काढलं. दाबाच्या टाकीत बसवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, रोज दीड तास, चाळीस दिवस. रक्तात हवा जास्त मुरते, भाजलेल्या जागी नव्या वाहिन्या धरू शकतात. "काहींना गुण येतो, काहींना नाही," ते म्हणाले. "खात्री देत नाही."

मंचरला त्यांचा बटाटा घेणारे हस्तीमल शेठ होते. त्यांच्या बायकोला, सुमतीबाईंना, तोंडाच्या लाईटनंतर जबड्याला जखम होऊन हाड उघडं पडलं होतं आणि त्या अशाच टाकीत बसून आल्या होत्या. बयाबाई त्यांच्याकडे गेली. सुमतीबाईंनी तिला गाळ्यामागच्या घरात नेलं, दार लोटलं, आणि पदर बाजूला करून भरलेली जखम दाखवली.

"कान दुखतात सुरुवातीला, विमानासारखे. आवंढा गिळत राहायचं," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "आत एकटं वाटतं गं. फार एकटं. बाहेरचे दिसतात काचेतून, पण ते आपले वाटत नाहीत. कुणी बोलणारं असलं तर बरं."

प्रश्न सोपानला न्यायचं कसं हा होता. 'त्या बाई'बरोबर तो कुठे यायला तयार नव्हता. शेवटी चांगदेव खोटं बोलला. "दाजी, बया माझ्याकडं भोसरीला हाय. चला." सोपानने लगेच पिशवी भरली. एसटीत तो चांगदेवजवळ पुढे बसला, आणि मागच्या बाकावर बयाबाईला पाहून कुजबुजला, "ही बी येतीया?" चांगदेव म्हणाला, "तिचं बी काम हाय पुण्यात." भोसरीला घरी बया नव्हती, तेव्हा "आदी टाकीचं औषध उरका, मग भेटंल ती," असं सांगून चांगदेवने त्याला दवाखान्यात आणलं.

टाकी म्हणजे दुधाच्या टँकरसारखं लोखंडी आडवं पिंप, पांढऱ्या रंगाचं, एका टोकाला जाड दार, कुशीला भाकरीएवढी गोल काच. आत एक खुर्ची, एक मुखवटा, एक फोन. यंत्रावर भगवंत नावाचे साठीचे गृहस्थ होते, मूळ जुन्नरचे, नौदलात खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या टाकीवर आयुष्य काढलेले. त्यांनी सोपानचे खिसे तपासले, केसांना तेल नाही ना ते पाहिलं, सुती कपडे दिले. दार बसलं. सुंऽऽ करत हवा भरू लागली आणि काटा चढू लागला.

"आता पाहुणे चाळीस फूट पाण्याखाली गेले म्हणा," भगवंत म्हणाले. "बसलेत इथंच, पण अंगावर दाब तेवढा."

बयाबाई काचेपाशी गेली. आतल्या पिवळट उजेडात मुखवटा लावलेला सोपान बसला होता. त्याने मान वळवली, काचेत तिचा चेहरा पाहिला, आणि खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरून पलीकडे तोंड केलं.

अर्ध्या तासाने पाच मिनिटं मुखवटा काढायचा असतो. भगवंतांनी फोन तिच्या हातात दिला. "बोला ताई. घाबरतो माणूस आत." फोन यंत्राच्या कपाटाला होता, तिथून काच दिसत नव्हती.

"आवं," ती म्हणाली, "कान दुखत्यात का?"

पलीकडे काही क्षण नुसती हवा वाजली. मग दाबाने बारीक झालेला, कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटावा असा आवाज आला.

"बये! बये, कुठं हायेस तू?"

तिने कपाटाला हात टेकला. "हितंच हाय. जवळच."

"किती दीस झालं गं! मी हुडकून हुडकून... बये, हळू बोल. ती भाईर हाय. खिडकीत. तुझं तोंड लावून आलीया."

पाच मिनिटं कधी संपली तिला कळलं नाही. भगवंतांनी खुणेने फोन मागितला तेव्हा तो तिच्या मुठीतून सुटेना.

मग रोज तसंच. टाकीत दोनदा पाच-पाच मिनिटं बयाबाई त्याची बायको होती. टाकीचं दार उघडलं की परकी. आत तो तिला गोठ्याचं विचारायचा, हर्षालीचं विचारायचा, बाहेर आला की तिच्या हातातला टॉवेल घ्यायला कचरायचा. फोनवर बोलताना ती कधी काचेसमोर गेली नाही. तिला भीती होती. त्या बाईच्या तोंडातून बयाचा आवाज येताना त्याने पाहिलं, तर आवाजही त्या बाईचाच होऊन बसेल. मग बयाचं म्हणून काहीच उरणार नाही.

नवव्या दिवशी फोनवर त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "बये, एक सांगू? कुणाला बोलू नगं. मी तिला न्हेली व्हती धरणावर. कातळावर. मागं हुबा व्हतो. हात बी उचलला व्हता. म्हणलं, ही गेली की बया येईल माघारी. त्येवढ्यात जानकूनं हाक मारली."

बयाबाईला ती सकाळ आठवली. स्वच्छ टोपी, फुगलेलं पाणी, येताना पदर सावरत चाललेली ती स्वतः. ती खाली फरशीवर बसली. भगवंत उठून आले. तिने हाताने 'काही नाही' असं खुणावलं.

"बये? हायेस ना?"

"हाय."

"आता हितं भोसरीत बी ती हाय. विळी असती घरात..."

तिने डोळे मिटले. मी तीच आहे असं सांगावं, तर शंभरदा सांगून झालं होतं. ती म्हणाली, "आवं, नीट ऐका. तिला काय करू नका. ती माझी मानूस हाय."

"तुझी?"

"म्याच पाठवलीया तिला. तुमचं दुखणं निघालं, मला येता येईना, म्हणून माझ्यावानी दिसणारी बघून पाठवली. तुमाला परकं वाटू नये म्हणून. ती रांधती ते मी सांगते तसंच रांधती. तिला धक्का लागला तर मला लागंल. शपथ घ्या माझी."

"आदी सांगायचं न्हाई व्हय," तो म्हणाला. "घेतली शपथ."

त्या दिवशी दार उघडल्यावर सोपान बाहेर आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि हात जोडले. "बाई, मला ठावं न्हवतं," तो म्हणाला. कोपऱ्यावरच्या टपरीवरून त्याने दोन चहा आणले, आणि कप तिच्या हातात न देता आदबीने बाकावर ठेवला.

पुढचे तीन आठवडे बयाबाईने आयुष्यात कधी न पाहिलेला सोपान पाहिला. बसमध्ये जागा मिळाली की तो आधी तिला बसवायचा. भाजी निवडू लागायचा. आणि बयाविषयी बोलायचा. "बया तोंडानं लई फटकळ," तो सांगायचा. "पर लाईट घेत व्हतो ना, तवा घास गिळंना. तिनं पेज गाळून गाळून दिली, सा महिनं. म्या कदी बोललो न्हाई तिला. बोलायचं ऱ्हाऊनच गेलं." बयाबाई खिडकीबाहेर पाहत ऐकायची. नवऱ्याच्या तोंडून हे ऐकायला बावीस वर्षं गेली होती, आणि ऐकणारी ती नव्हतीच. कधी कधी तिला त्या बाईचा हेवा वाटायचा. कधी वाटायचं, ही बाई आपल्यात हळूहळू मूळ धरतेय. ती त्याला 'आवं' म्हणत नसे आता. 'पावणं' म्हणू लागली होती, आणि आवाज आपोआप मऊ, खालचा लागायचा. एकदा चांगदेवची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण आलंय गं भाईर, वन्स?" बाहेर तर परकं कुणी नव्हतं, बयाबाईच सोपानशी बोलत होती.

चोविसाव्या दिवसानंतर त्याचं डोकं दुखायचं थांबलं. डाव्या हाताची पकड सुधारली. गोळी अर्ध्यावर आली. पण बाहेर ती 'बाई'च राहिली.

एकतिसाव्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "बये, एक इचारू? तू अन् ती, दोघी एकदा संगं हुब्या ऱ्हावा की काचंपाशी. मला बघू दे."

बयाबाईने भगवंतांकडे पाहिलं. त्यांना आतापावेतो सगळं कळलं होतं. त्यांनी कपाटामागून तारेचं वेटोळं सोडवलं. तार काचेपर्यंत पोचत होती.

"आज नगं," ती म्हणाली.

"ये की गं."

ती गेली. फोन कानाला लावून, गोल काचेसमोर उभी राहिली. आत सोपान वाकून पाहत होता, फोन त्याच्याही कानाला. दोघांमध्ये चार बोटं जाड काच. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून फिरले, डाव्या खांद्यामागे गेले, उजव्या खांद्यामागे गेले. काहीतरी शोधत होते.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?" तिचे ओठ हलले आणि तिचाच आवाज आत गेला.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचं सुजलेलं तोंड हळूहळू वाकडं झालं. झटका येतोय असं वाटून भगवंतांचा हात खटक्यावर गेला. पण तो रडत होता.

"बये," तो म्हणाला. "तू एकलीच? ती कुठं हाय?"

चाळीस दिवस पूर्ण झाले. फोटोत सूज उतरलेली दिसली, डाग लहान झाला होता, गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा, झटक्याची गोळी चुकवायची नाही, आणि हे टाकीनं झालं, गोळ्यांनी झालं की आपोआप, ते छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. दिवाळीच्या आधी दोघं डिंभ्याला परत आली. सोपान घरात निजू लागला. ताट तिथेच सोडून उठू लागला. 'ए बये' म्हणून ओरडू लागला. लंकाबाई वाटीभर साखर मागायला आली, आणि बयाबाईने दिली.

फक्त ती बाई त्याच्या डोक्यातून गेली नाही. डॉक्टरांनी समजावलं, चांगदेवने समजावलं, हर्षालीने हसत हसत समजावलं. तो मान डोलवायचा आणि मग एकटा असला की बयाबाईला विचारायचा, "गेली कुठं गं ती?"

"गेली तिच्या गावाला."

"कोणचं गाव?"

"मला तरी कुठं ठावं."

"माझ्या हातनं पाप घडणार व्हतं," तो म्हणायचा. "तिची माफी मागायची ऱ्हायली. चहा पाजला नुसता." बयाबाई म्हणे, "माझ्याकडं मागा की. मीच हुते ती." तो तिच्याकडे पाहायचा, कीव आल्यासारखा. "तुझ्यावर कसा हात उचलीन मी, बये?" तिनेच त्या बाईला बोलण्यातून उभी केली होती. आता ती मोडता येत नव्हती.

पुढच्या वर्षी एका सोमवारी, बेल्ह्याला निघताना, तो दारात थांबला. "तिला एक लुगडं घ्यावं म्हणतो. आली कदी तर देता येईल. रंग कोणचा आवडायचा तिला, ठावं हाय का?"

"जांभळा," बयाबाई म्हणाली.

म्हणून झाल्यावर तीच दचकली. जांभळं ती कधी नेसली नव्हती. तिला हिरवं आवडायचं. आवाजही जरा मऊ, खालचा लागला होता. सोपानच्या ध्यानात आलं नाही. "बरं," म्हणून तो गेला, आणि संध्याकाळी जांभळं लुगडं घेऊन आला. बयाबाईने ते कागदासकट ट्रंकेत, हिरव्याच्या खाली ठेवून दिलं.

ते तिथे वर्षभर पडून राहिलं. हर्षालीला मुलगा झाला आणि नारायणगावला बारशाला जायचं ठरलं, तेव्हा बयाबाई ट्रंक उघडून बसली. हिरवं वर होतं. तिने ते बाजूला केलं. का केलं ते तिला सांगता आलं नसतं. नेसून, अंबाडा घालून ती पडवीत आली तेव्हा दुपारचं लख्ख ऊन अंगणात पडलं होतं आणि सोपान ओट्यावर चपलेचा अंगठा शिवत बसला होता. त्याने मान वर केली.

ती चौकटीशी थांबली. तो टक लावून पाहत होता, आणि पाहता पाहता त्याचा दाभण धरलेला हात थांबला. 'बाई' म्हणेल की 'बये' म्हणेल, ह्याची वाट पाहत ती उभी राहिली. आपल्याला कोणतं ऐकायचंय हे क्षणभर तिलाच कळेना.

"बये," तो शेवटी म्हणाला, "तुला बी शोभतंय की गं."